विद्यापीठांच्या हिवाळी स्पर्धेतलं महिला फिगर स्केटिंग: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

फिगर स्केटिंग समजून घ्यायचं असेल तर ऑलिंपिकची वाट बघू नका. विद्यापीठांच्या जागतिक हिवाळी स्पर्धेपासून सुरुवात करा. ऑलिंपिकमध्ये शेवटच्या गटातल्या सहाही जणी इतक्या तयारीच्या असतात की नवख्या डोळ्याला सगळ्या सारख्याच दिसतात. एकीला ७५ गुण का आणि दुसरीला ६८ का, हे कळतच नाही. विद्यापीठ स्पर्धेत एकाच दुपारी, एकाच बर्फावर, जागतिक पदकाच्या तोडीची मुलगी असते आणि कॉलेजचे तास सांभाळून पहाटे सराव करणारीही असते. हा फरक डोळ्यांसमोर आला की खेळ आपोआप उलगडायला लागतो. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

थोडी ओळख करून घेऊ. ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ, म्हणजे फिसू, भरवतो. हिवाळी स्पर्धा १९६० साली फ्रान्समधल्या शामोनीला सुरू झाली. पूर्वी तिला ‘युनिव्हर्सियाड’ म्हणत, आता ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स’ म्हणतात, म्हणून जुने व्हिडिओ शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. साधारण दर दोन वर्षांनी ती होते. २०१९ ला रशियातल्या क्रास्नोयार्स्कला झाली, २०२१ ची ल्युसर्नची रद्द झाली, २०२३ ला अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला आणि जानेवारी २०२५ मध्ये इटलीतल्या तोरिनोला झाली. पुढची २०२७ मध्ये चीनमधल्या चांगचुनला ठरली आहे.

तोरिनोला स्केटिंग झालं ते पालावेला या सभागृहात. २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं फिगर स्केटिंगही इथेच झालं होतं आणि महिलांचं सुवर्ण जपानच्या शिझुका अराकावाने जिंकलं होतं. त्याआधी तीन वर्षं, २००३ मध्ये, इटलीतल्याच तार्विझियोला तिने विद्यापीठ स्पर्धेचं सुवर्ण घेतलं होतं. कझाकस्तानच्या एलिझाबेत तुर्सिनबाएवाने २०१७ ला घरच्या अल्माटीत रौप्य मिळवलं आणि दोन वर्षांनी जागतिक स्पर्धेत चौपट फिरकीची सॅल्काव उडी उतरवली. सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही उडी साधणारी ती पहिली महिला. तेव्हा ‘कॉलेजची स्पर्धा’ म्हणून विद्यापीठ स्पर्धेला हलकं समजू नका.

आधी वेळापत्रक

प्रत्येक मुलगी दोन वेगवेगळ्या दिवशी बर्फावर उतरते. पहिला शॉर्ट प्रोग्राम, २ मिनिटं ४० सेकंदांचा. दुसरा फ्री स्केटिंग, ४ मिनिटांचा. दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. दोन्हींच्या गुणांची बेरीज म्हणजे निकाल. पहिल्यांदा बघताना शॉर्ट प्रोग्रामवर भर द्या. त्यात सगळ्यांना सात ठरावीक गोष्टीच करायच्या असतात: तीन उड्या, तीन स्पिन (एका जागी गरगर फिरणं) आणि पावलांची एक मालिका. परीक्षेचा पेपर सगळ्यांना एकच असल्यामुळे तुलना सोपी जाते. फ्री स्केटिंगमध्ये उड्याच सात असतात आणि त्या कशा मांडायच्या हे मुलगी आणि तिचे प्रशिक्षक ठरवतात.

प्रक्षेपण फिसूच्या स्वतःच्या ऑनलाइन वाहिनीवर शोधा. स्पर्धा युरोपात असेल तर हिवाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथली दुपार ही आपली संध्याकाळ. चांगचुन आपल्या अडीच तास पुढे आहे, तिथली संध्याकाळची फेरी आपल्याला दुपारीच बघायला लागेल.

इथले नियम आणि आकडे २०२४-२५ च्या हंगामातले आहेत. इंटरनॅशनल स्केटिंग युनियन त्यात अधूनमधून फेरफार करते, म्हणून नवीन हंगाम सुरू झाला की नियमांची ताजी प्रत बघून घ्या.

उड्या ओळखायच्या कशा

इथे घाई करू नका. उड्या सहाच प्रकारच्या आहेत, पण सहाही एका दिवसात ओळखू येत नाहीत आणि यायची गरजही नाही. मी नवीन माणसाला तीनच प्रश्न विचारायला सांगते.

पहिला प्रश्न: पुढे तोंड करून उडाली का? तशी उडाली तर ती अ‍ॅक्सेल. बाकी पाचही उड्या पाठमोऱ्या घेतल्या जातात, आणि उतरायचं सगळ्यांतच पाठमोरं. म्हणून अ‍ॅक्सेलमध्ये अर्धा फेरा जास्त पडतो आणि डबल अ‍ॅक्सेल म्हणजे हवेत अडीच फेरे. शॉर्ट प्रोग्राममध्ये डबल किंवा ट्रिपल अ‍ॅक्सेल करावीच लागते, त्यामुळे पहिल्याच दिवशी ती प्रत्येकीकडून बघायला मिळते. पाच-सहा जणींनंतर ती न चुकता ओळखता येईल.

दुसरा प्रश्न: उडताना मोकळ्या पायाचं टोक बर्फात रोवलं का? स्केटच्या पात्याला पुढे करवतीसारखे दात असतात. ते रोवून उडी घेतली तर ती टो लूप, फ्लिप किंवा लुट्झ. दात न रोवता नुसत्या पात्यावरून उडी घेतली तर सॅल्काव किंवा लूप. सॅल्कावमध्ये मोकळा पाय मागून पुढे झोकात येतो. लूपमध्ये मुलगी अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखी वाकते, दोन्ही पाय जवळजवळ एकमेकांवर येतात आणि ज्या पायावरून उडते त्याच पायावर उतरते.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: पात्याची कुठली धार? पात्याच्या तळाला मधोमध खोलगट खाच असते, त्यामुळे प्रत्येक पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. फ्लिप आतल्या धारेवरून घ्यायची, लुट्झ बाहेरच्या. लुट्झची तयारी सहसा लांबलचक असते. मुलगी पाठमोरी, मोठ्या वळणाने, रिंकच्या कोपऱ्याकडे सरकत जाते, खांद्यावरून मागे बघते आणि मग टोक रोवते. वळण एका दिशेचं आणि हवेतला फेरा नेमका उलट दिशेचा, म्हणून ही उडी कठीण. फ्लिपमध्ये बहुतेक जणी आधी पुढे तोंड करून येतात, एका पायावर गर्रकन वळतात आणि लगेच टोक रोवतात. टो लूप बहुतेक वेळा दुसऱ्या उडीला जोडलेली दिसते: ‘ट्रिपल लुट्झ–ट्रिपल टो लूप’ हे शब्द समालोचनात वारंवार ऐकू येतील.

आता एक गोष्ट जवळून बघा. संथगतीत रिप्ले दाखवतात तेव्हा लुट्झच्या आधीच्या शेवटच्या क्षणी डाव्या घोट्याकडे नजर ठेवा (बहुतेक मुली डावीकडे फिरतात आणि उजव्या पायावर उतरतात, उजवीकडे फिरणाऱ्या मुलींत सगळं उलट). घोटा बाहेरच्या बाजूला झुकलेला राहिला तर उडी खरी. टोक रोवायच्या बेतात असताना घोटा आतल्या बाजूला कलंडला तर धार बदलली, म्हणजे नाव लुट्झचं आणि उडी फ्लिपची. तांत्रिक पंच हे पकडतात. धार स्पष्टपणे चुकली तर मूळ गुणांच्या ८० टक्केच मिळतात, वरून दर्जाचे गुणही घसरतात (हे गुण कसे देतात ते पुढे येईलच). एकदा हे दिसलं की तुम्हाला पडण्या-न पडण्यापलीकडचं स्केटिंग दिसायला लागलं असं समजा.

उतरतानाही असंच. पात्याचं टोक बर्फाला टेकतं तिथे व्हिडिओ थांबवा आणि पातं कुठल्या दिशेला आहे ते बघा. फेरा पुरा झाला असेल तर ती सरळ पाठमोरी निघून जाते, मोकळा पाय ताणलेला आणि वेग कायम. फेरा कमी पडला असेल तर उरलेला भाग ती बर्फावर फिरून भरून काढते, पात्याखालून बर्फाचा भुगा उडतो आणि वेग मरतो. पाव फेऱ्यापेक्षा जास्त कमी पडला तर मूळ गुणांच्या ८० टक्के. अर्धा किंवा त्याहून जास्त कमी पडला तर ट्रिपलची डबल धरतात.

गुणांचं गणित

हे गणित घाबरण्यासारखं नाही. प्रत्येक गोष्टीला एक मूळ किंमत असते. डबल अ‍ॅक्सेल ३.३०, ट्रिपल टो लूप ४.२०, सॅल्काव ४.३०, लूप ४.९०, फ्लिप ५.३०, लुट्झ ५.९०, ट्रिपल अ‍ॅक्सेल ८.००. त्यावर प्रत्येक पंच उणे ५ ते अधिक ५ असा दर्जा देतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा बाजूला ठेवून उरलेल्यांची सरासरी काढतात आणि दर्जाच्या प्रत्येक पायरीमागे मूळ किमतीच्या दहा टक्के वाढतात किंवा कमी होतात.

एक उदाहरण करून बघा. एकीने ट्रिपल लुट्झ घेतली, पुरे तीन फेरे मारले, पण पडली. दर्जा उणे ५, म्हणजे ५.९० मधून २.९५ गेले. पडल्याबद्दल आणखी १ गुण कापला. हातात राहिले १.९५. दुसरीने डबल अ‍ॅक्सेल सुरेख उतरवली, दर्जा सरासरी अधिक ३. तिला ३.३० अधिक ०.९९, म्हणजे ४.२९. कागदावर लुट्झ जवळजवळ दुप्पट किमतीची होती. म्हणून मधल्या फळीतल्या विद्यार्थिनी जेव्हा लुट्झ सोडून सॅल्काव किंवा टो लूप निवडतात तेव्हा त्यांना भित्र्या म्हणू नका. आठवड्यात बर्फावर किती तास मिळतात याचा हिशेब करून त्यांनी तो निर्णय घेतलेला असतो, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

शॉर्ट प्रोग्राममधली शेवटची उडी आणि फ्री स्केटिंगमधल्या शेवटच्या तीन उड्या दुसऱ्या अर्ध्या भागात आल्या तर मूळ किंमत दहा टक्क्यांनी वाढते. पाय थकलेले असताना केलेल्या उडीचा हा मोबदला.

शॉर्ट प्रोग्राममध्ये आणखी एक नाट्य लक्ष ठेवून बघण्यासारखं असतं. दोन उड्यांची एक जोडी करावीच लागते. पहिल्या उडीवर तोल गेला आणि दुसरी जोडता आली नाही, तर पुढे येणाऱ्या एकट्या ट्रिपलला ती जोडून नुकसान भरून काढता येतं. म्हणजे संगीत चालू असताना, पुढची पावलं टाकत असताना, दहा-पंधरा सेकंदांत मुलीला नवा बेत आखावा लागतो. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. पण पुढच्या ट्रिपलनंतर ती लगेच पुन्हा उडाली तर समजा, तिने डाव सावरला. टाळ्या वाजवायच्या त्या इथे.

आता गुणपत्रिकेचा दुसरा भाग, ज्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य या तीन गोष्टींना दहापैकी गुण मिळतात आणि त्यांची बेरीज शॉर्टमध्ये १.३३ ने, फ्रीमध्ये २.६७ ने गुणतात. तिन्हींत ८ मिळवणारीला फ्रीमध्ये ६४.०८ होतात. तिन्हींत ५ मिळवणारीला ४०.०५. फरक २४ गुणांचा, म्हणजे चार ट्रिपल लुट्झच्या मूळ किमतीपेक्षा जास्त. विद्यापीठ स्पर्धेत निकालातली मोठी अंतरं पुष्कळदा इथेच तयार होतात.

आणि हा फरक डोळ्यांना दिसतो. आवाज बंद करून दोन मुली पाठोपाठ बघा. रिंकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला प्रत्येकीला किती ढकलण्या लागतात ते मोजा. कसलेली मुलगी तीन-चार ढकलण्यांत रिंक पार करते, गुडघे मऊ वाकतात, वळणावर शरीर खोल कलतं आणि वेग वाढतो. कच्ची मुलगी बारीक बारीक पावलं टाकत राहते, सरळ उभी असते आणि उडीच्या आधी बराच वेळ नुसती तयारीच करत असते. जपानची माई मिहारा २०१९ च्या क्रास्नोयार्स्क स्पर्धेची विजेती. तिचं कुठलंही सादरीकरण काढून फक्त पाय बघा. उडी संपते कुठे आणि पुढचं पाऊल सुरू होतं कुठे, यात सांधा सापडत नाही. किशोरवयात तिला सांध्यांच्या संधिवाताचं निदान झालं होतं, त्यापायी एक अख्खा हंगाम घरी बसावं लागलं, आणि तरी डिसेंबर २०२२ मध्ये तोरिनोच्या त्याच पालावेलात तिने ग्रां प्री फायनल, म्हणजे हंगामातल्या निवडक सहा जणींची स्पर्धा, जिंकली. तिच्याबद्दल लिहिताना माझा हात आखडत नाही.

स्पिनबद्दल थोडक्यात: जागा बदलते का आणि वेग टिकतो का, एवढं बघा. चांगली स्पिन एकाच ठिकाणी बर्फावर बारीक वर्तुळं कोरते, कच्ची सरकत जाते. पावलांच्या मालिकेत ती दोन्ही दिशांना वळते का, आणि वरचं शरीरही हलतं की फक्त पाय, हे पुरेसं.

निकालपत्र वाचा

स्पर्धा संपली की प्रत्येक मुलीचं तपशीलवार गुणपत्रक प्रसिद्ध होतं. ते उतरवून घ्याच. उडीच्या आधीचा आकडा म्हणजे फेरे, पुढची अक्षरं म्हणजे उडीचं नाव: ‘टी’ टो लूप, ‘एस’ सॅल्काव, ‘एलओ’ लूप, ‘एफ’ फ्लिप, ‘एलझेड’ लुट्झ, ‘ए’ अ‍ॅक्सेल. नावापुढे ‘क्यू’ असेल तर फेरा बरोब्बर पावभर कमी पडला. गणितातलं ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह एकदा असेल तर पावापेक्षा जास्त कमी, दोनदा असेल तर अर्धा किंवा त्याहून जास्त. ‘ई’ म्हणजे धार चुकली, उद्गारचिन्ह म्हणजे धार संशयास्पद. मूळ किमतीशेजारी ‘एक्स’ दिसला तर ती दहा टक्के वाढीची उडी. स्पिन आणि पावलांच्या नावापुढचा आकडा म्हणजे पातळी, ४ ही सगळ्यात वरची.

माझा आग्रह असा: पहिल्या तिघींची पत्रकं नंतर वाचा. आधी बाराव्या-तेराव्या क्रमांकाची कोणी निवडा, तिचा व्हिडिओ लावा आणि पत्रक शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. चिन्हं तिथे जास्त असतात आणि चुका साध्या डोळ्यांना दिसण्याइतक्या ठळक असतात. पहिल्या क्रमांकाच्या पत्रकावरून तुम्हाला इतकं शिकायला मिळणार नाही.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

युरोपात किंवा अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना ही संधी हाताशी असते. विद्यापीठ स्पर्धेत ऑलिंपिकसारखी झुंबड नसते. बसायला रिंकची लांब बाजू घ्या, पंच बसतात त्यांच्या समोरची किंवा त्यांच्याच बाजूची. अगदी काचेला खेटून बसू नका, थोडं वर बसलात तर बर्फावरचे आकार दिसतात. आत थंडी असते आणि तीन-चार तास एका जागी बसायचं असतं, म्हणून स्वेटर, मोजे आणि बसायला एखादी जाड शाल न्याच.

एका गटात जास्तीत जास्त सहा जणी असतात आणि त्या सहा मिनिटं एकत्र सराव करतात. ही सहा मिनिटं चुकवू नका. सगळ्या एकाच वेळी बर्फावर असल्यामुळे वेगातला फरक इथे जितका स्पष्ट दिसतो तितका एरवी दिसत नाही. कोण कुठली उडी पुन्हा पुन्हा करून बघतेय ते टिपा, त्या उडीची तिला चिंता आहे. उठायचं-बसायचं ते दोन सादरीकरणांच्या मध्ये किंवा बर्फ सारवायला यंत्र येतं तेव्हा. फ्लॅश मारू नका. सुटी फुलं बर्फावर टाकू नका, पाकळी पात्याखाली आली तर पुढची मुलगी पडू शकते.

स्वतः उतरायचं असेल तर

भारताकडून या स्पर्धेला नाव पाठवण्याचं काम दिल्लीच्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेचं. थेट अर्ज करता येत नाही. मुलगी मान्यताप्राप्त विद्यापीठात शिकत असावी किंवा नुकतीच पदवी घेतलेली असावी, वय पंचवीसपेक्षा जास्त नसावं आणि नागरिकत्व ज्या देशाचं त्याच देशाकडून तिला उतरता येतं. शिक्षण कुठल्या देशात चाललंय याची आडकाठी नाही. कॅनडात शिकणारी पुण्याची मुलगी भारतीय पासपोर्टवर भारताकडून खेळू शकते.

खरी अडचण बर्फाची. देहरादूनचं हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं, मग ते वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. महाराष्ट्रात मुलांचा पाया चाकांच्या स्केटवर तयार होतो आणि तो वाया जात नाही. चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्येही अ‍ॅक्सेल, सॅल्काव, फ्लिप, लुट्झ आहेत, हवेतला फेरा तोच आहे. पात्याच्या धारेवर कलायचं मात्र नव्याने शिकावं लागतं आणि त्याला बर्फावरचे तास लागतात. मुलगी अकरावी-बारावीत असेल आणि परदेशी शिकायला जायचा विचार असेल, तर विद्यापीठ निवडतानाच जवळ रिंक आहे का, तिथे फिगर स्केटिंगसाठी वेगळी वेळ मिळते का, हे विचारून घ्या. आईस हॉकीसाठी रिंक असलं तरी फिगर स्केटर्सना तिथे पहाटेचे एक-दोन तासच मिळतात असं पुष्कळ ठिकाणी होतं. कागदपत्रांचं काम स्पर्धेच्या आदल्या वर्षीच सुरू करा: विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं पत्र, बोनाफाईड, पासपोर्ट आणि आईस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडची नोंदणी. यातलं एकही वेळेवर हातात नसेल तर बर्फावरची तयारी असूनही नाव जाणार नाही.